कातडी कुणाची, नोंद कुणाची?

माझी आजी केळापूर तालुक्याच्या काळ्या मातीत जन्मभर कापूस वेचत आली. लुगडे कमरेला करकचून आवळलेले, त्यावर कापसाची ओटी. त्या काचण्याने तिच्या कमरेवर काळा, जाड वळ कायमचा उठला होता. कोणत्याही डॉक्टरने तो कधी पाहिला नाही. घरातला पहिला पदवीधर होऊन मी इतिहास शिकवू लागलो, तेव्हा कळले की या वळालाही इतिहास आहे.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ साली धोतराच्या काचण्यातून कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली. पुढे साडीच्या काचण्यातूनही तो आढळला. रोग विरळाच, पण न भरणाऱ्या जखमेचा तुकडा काढून, म्हणजे बायॉप्सी करून, तपासल्याशिवाय तो सिद्ध होत नाही.

हा तुकडा काढावा की नाही, हे सांगायला आता संगणक आला आहे. अमेरिकेत २०११ साली ‘मेलाफाइंड’ या यंत्राला सरकारी मान्यता मिळाली. तिळासारख्या डागांतून ओळखू येणाऱ्या मेलानोमा या घातक कर्करोगासाठी ते होते. चाचणीत त्याने १२७ मेलानोमांपैकी १२५ पकडले. मात्र जे डाग मेलानोमा नव्हते, त्यांतले जेमतेम दहा टक्के त्याने मोकळे सोडले. २०१७ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १,२९,४५० छायाचित्रांवर संगणकाला शिकवले आणि तो त्वचारोगतज्ज्ञांच्या तोडीस उतरला.

येथे प्रश्न उपस्थित होतो : ही छायाचित्रे कुणाच्या कातडीची? संगणकाचे ज्ञान म्हणजे त्याला पुरवलेली स्मृती. ज्या स्मृतीत आपल्याला जागा नाही, तिने आपला निवाडा करावा, हे आपल्याला नवे नाही. कातडीचे वर्गीकरण करणाऱ्या फिट्झपॅट्रिक यांच्या १९७५ च्या मोजपट्टीतही आधी गोऱ्या कातडीचेच प्रकार होते; तपकिरी आणि काळी कातडी मागाहून जोडली गेली. २०२२ साली बायॉप्सीने सिद्ध केलेल्या, निरनिराळ्या वर्णांच्या ६५६ छायाचित्रांवर अशी साधने तपासली, तेव्हा काळ्या कातडीवर ती अडखळली. त्याच छायाचित्रांवर पुन्हा शिकवताच ही तफावत मिटली. म्हणजे दोष यंत्राच्या जन्माचा नव्हे, त्याला मिळालेल्या शिक्षणाचा आहे.

म्हणून यंत्राला नकार देणे ही आपली भूमिका असू शकत नाही. पण बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये नोंदवलेली १९२९ ची हकिकत विसरता येत नाही. काठेवाडातल्या अस्पृश्य शिक्षकाच्या बाळंतीण पत्नीला डॉक्टरने हात लावला नाही. थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याला, नवऱ्याने तिला. ती बाई दगावली. थर्मामीटरमध्ये काही खोट नव्हती.

उद्या तालुक्याच्या दवाखान्यात असा कॅमेरा येईल. तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांनी दोन प्रश्न विचारावेत. हे यंत्र आमच्या कातडीवर तपासले आहे काय? आणि त्याने संशय दाखवला, तर वेचणीच्या हंगामात मजुरी बुडवून आलेल्या बाईची बायॉप्सी कोण करणार, कुठे आणि कुणाच्या खर्चाने?