विमानाच्या तिकिटाची किंमत सारखी का बदलते? सेबरपासून तुमच्या ॲपपर्यंत

समजा सकाळी पुणे-दिल्लीचं तिकीट ४,८०० रुपयांना दिसलं. घरी विचारून दुपारी पुन्हा ॲप उघडलं तर तेच ५,६००! ग्रुपवर कोणीतरी लगेच सांगतं, "अरे, तू सारखं सर्च करतोस म्हणून वाढवतात. इनकॉग्निटोमध्ये बघ." मी सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्यामुळे मित्रमंडळीत हा प्रश्न हमखास माझ्याकडे येतो.

थोडक्यात उत्तर असं: स्क्रीनवर दिसते ती त्या सीटची किंमत नसते. त्या क्षणी जी सगळ्यात स्वस्त "बकेट" उघडी आहे, तिची ती किंमत असते. ही बकेट म्हणजे काय, ती कशी आली आणि हे माहीत असेल तर पैसे कुठे वाचतात, ते आज बघू.

आधी सगळा कारभार कार्डांवर चालायचा

१९५० च्या दशकात अमेरिकन एअरलाइन्सचं बुकिंग हाताने व्हायचं. आरक्षण केंद्रात एका फिरत्या रॅकभोवती आठ ऑपरेटर बसायचे. रॅकमध्ये प्रत्येक फ्लाइटचं एक कार्ड असायचं. सीट विकली की कार्डावर खूण करायची. एक बुकिंग पूर्ण व्हायला सरासरी दीड तास जायचा, आणि काम वाढलं तरी रॅकभोवती जास्त माणसं बसवता येत नव्हती.

१९५३ मध्ये लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानात या कंपनीचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ आणि आयबीएमचे सेल्समन ब्लेअर स्मिथ यांची गाठ पडली. आडनाव सारखं, त्यामुळे गप्पा रंगल्या. आयबीएम त्या काळात अमेरिकी हवाई दलासाठी सेज नावाची संगणक यंत्रणा बनवत होती. दूरदूरची माहिती एका ठिकाणी आणून लगेच उत्तर द्यायचं, हे तिचं काम. तीच कल्पना सीट विकायला वापरली तर?

त्यातून "सेबर" तयार झालं. १९६० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रायरक्लिफ मॅनर इथे दोन आयबीएम ७०९० संगणकांवर ते प्रायोगिक स्वरूपात सुरू झालं आणि १९६४ पर्यंत कंपनीचं सगळं बुकिंग त्यावर आलं. १९७६ पासून ट्रॅव्हल एजंटांच्या ऑफिसातही सेबरचे टर्मिनल बसू लागले.

एकच सीट दोघांना विकली जाऊ नये, हा यंत्रणेचा पहिला फायदा. पण दुसरा फायदा जास्त मोठा निघाला. कोणत्या फ्लाइटच्या किती सीट किती दिवस आधी विकल्या जातात, याचा डेटा कंपनीकडे जमा होऊ लागला.

१९८५ ची लढाई

१९७८ पर्यंत अमेरिकेत देशांतर्गत विमानभाडं सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्ड या सरकारी मंडळाच्या मंजुरीने ठरायचं. ऑक्टोबर १९७८ मध्ये कायदा बदलला आणि भाडं ठरवायची मोकळीक कंपन्यांना मिळाली. १९८१ मध्ये न्यूअर्कहून पीपल एक्सप्रेस ही स्वस्त विमानसेवा सुरू झाली. तिची भाडी इतकी कमी होती की मोठ्या कंपन्यांचे प्रवासी तिकडे वळू लागले.

सगळ्याच सीट स्वस्त केल्या असत्या तर अमेरिकन एअरलाइन्सला परवडलं नसतं. म्हणून जानेवारी १९८५ मध्ये रॉबर्ट क्रँडल यांच्या नेतृत्वाखालच्या या कंपनीने "अल्टिमेट सुपर सेव्हर" भाडी आणली. स्वस्त, पण आधी बुक करणाऱ्यांनाच, आणि प्रत्येक विमानात ठरावीक सीटपुरतीच. बाकीच्या सीट शेवटच्या क्षणी धावत येणाऱ्या ऑफिसच्या प्रवाशांसाठी महाग ठेवल्या. किती सीट स्वस्त सोडायच्या, हे डेटा सांगत होता. पीपल एक्सप्रेसकडे अशी यंत्रणा नव्हती. १९८६ मध्ये ती अडचणीत येऊन टेक्सास एअरला विकली गेली. सीट अशा हिशोबाने विकण्याच्या पद्धतीला क्रँडल यांनी नाव दिलं, "यील्ड मॅनेजमेंट".

आपल्याकडे हे उशिरा आलं. १९५३ च्या कायद्याने विमानसेवेचं राष्ट्रीयीकरण झालं होतं. तो कायदा १९९४ मध्ये रद्द झाला. पुढे २००३ मध्ये एअर डेक्कन आणि २००६ मध्ये इंडिगो सुरू झाली. आज भाडं कंपन्याच ठरवतात. कोविडच्या काळात २५ मे २०२० पासून ३१ ऑगस्ट २०२२ पर्यंत सरकारने भाड्याला मर्यादा घातल्या होत्या, तो एक अपवाद.

सीट आत्ता विकू की थांबू?

या सगळ्यामागचं मूळ गणित शाळकरी आहे. बीओएसी या ब्रिटिश विमानकंपनीतले केन लिटलवुड यांनी १९७२ मध्ये ते मांडलं.

समजा स्वस्त तिकीट ४,००० आणि महाग तिकीट १०,००० रुपयांचं आहे. तुम्ही आज ४,००० द्यायला तयार आहात. पण हीच सीट नंतर १०,००० ला विकली जायची शक्यता ५० टक्के असेल, तर थांबण्याची सरासरी किंमत ५,००० होते. ती ४,००० पेक्षा जास्त, म्हणून कंपनी तुम्हाला स्वस्त तिकीट देत नाही. शक्यता ३० टक्केच असेल तर थांबण्याची किंमत ३,००० होते. मग कंपनी लगेच विकते.

दिवाळीच्या आधीची शुक्रवार संध्याकाळ आणि मंगळवार दुपार यांच्या भाड्यात फरक का, ते यातून कळतं. विमान तेच, खर्च जवळपास तोच. फरक फक्त त्या शक्यतेचा.

बकेट म्हणजे काय?

१८० सीटच्या विमानात इकॉनॉमीच्या सीट जवळपास सारख्याच असतात. पण यंत्रणेत त्या वेगवेगळ्या भाड्यांच्या गटांत वाटलेल्या असतात. प्रत्येक गटाला इंग्रजीतलं एक अक्षर असतं. यालाच फेअर बकेट म्हणतात. स्वस्त बकेट संपली की पुढची दिसते. म्हणजे शेजारी बसलेल्या माणसाने तुमच्यापेक्षा दुप्पट पैसे दिलेले असू शकतात!

महत्त्वाचं म्हणजे बंद झालेली बकेट पुन्हा उघडू शकते. अंदाजापेक्षा कमी बुकिंग झालं की भाडं खाली येतं. "किंमत फक्त वाढतच जाते" हा समज म्हणून चुकीचा आहे.

यातून रोजच्या उपयोगाच्या दोन गोष्टी निघतात:

- चौघांसाठी सर्च केलं की महाग दिसतं. स्वस्त बकेटमध्ये दोनच सीट उरल्या असतील तर बहुतेक यंत्रणा चौघांनाही पुढच्या महाग बकेटचं भाडं लावतात. आधी एका प्रवाशासाठी सर्च करून फरक बघा.
- "फक्त २ सीट शिल्लक" म्हणजे विमान भरलं असं नाही. बऱ्याचदा त्याचा अर्थ त्या भाड्यात दोन सीट उरल्या, एवढाच असतो.

मग इनकॉग्निटोचं काय?

दोन वेळा सर्च करण्याच्या मधल्या वेळात कोणीतरी शेवटची स्वस्त सीट घेतली, हे एक साधं कारण. दुसरं कारण माझ्या कामातलं आहे: कॅशे. भाडी दाखवणाऱ्या ॲपवर लाखो लोक फक्त बघतात, थोडेच विकत घेतात. प्रत्येक सर्चला विमानकंपनीच्या सर्व्हरला विचारणं महाग पडतं. म्हणून ॲप काही वेळापूर्वीचं साठवलेलं भाडं दाखवतं. तुम्ही पुढे गेलात की खरी चौकशी होते आणि "भाडं बदललं आहे" असा मेसेज येतो. भाडं तुम्हाला बघून वाढलेलं नसतं. तुम्हाला दिसत होतं तेच शिळं होतं.

इनकॉग्निटोने बकेट उघडत नाही. लॉगिनवर मिळणाऱ्या सवलती आणि बँक ऑफर मात्र तिथे दिसणार नाहीत, म्हणजे तोटाच.

पण पुढे काय होईल, याकडे लक्ष ठेवायला हवं. अक्षरांच्या बकेटऐवजी थेट भाडं काढणारी एआय साधनं येत आहेत. २०२५ मध्ये अमेरिकेच्या डेल्टा एअरलाइन्सने सांगितलं की तिच्या देशांतर्गत भाड्यांपैकी सुमारे ३ टक्के एआयच्या मदतीने ठरतात आणि हे प्रमाण २० टक्क्यांवर न्यायचं आहे. यावर तिथल्या सिनेटरांनी जाब विचारला. कंपनीचं उत्तर होतं की ग्राहकाचा वैयक्तिक डेटा वापरून भाडं ठरवलं जात नाही. मागणी बघून भाडं बदलणं वेगळं आणि माणूस बघून बदलणं वेगळं. पहिलं चाळीस वर्षं चालू आहे, दुसरं आपण मान्य करायचं कारण नाही.

बुकिंग करताना एवढं करा

1. आधी एकट्यासाठी, मग सगळ्यांसाठी सर्च करा. वेगवेगळं बुक केलं तर पीएनआर वेगळे होतात आणि फ्लाइट रद्द झाली तर कुटुंब वेगवेगळ्या विमानांत जाऊ शकतं. लहान मुलं किंवा आजी-आजोबा सोबत असतील तर थोडा फरक सोसा.
2. तारीख पुढे-मागे करता येत असेल तर आठवड्याचं कॅलेंडर बघा. कंपनीच्या स्वतःच्या साइटवरही तेच भाडं तपासा.
3. तुलना पहिल्या स्क्रीनच्या आकड्याची करू नका. सीट, बॅग आणि कन्व्हिनिअन्स फी धरून पैसे भरायच्या पानावरचा आकडा खरा.
4. आपोआप टिक झालेला विमा काढा. न मागता काही जोडणं आणि खोटी घाई लावणं हे ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांमधल्या १३ डार्क पॅटर्नपैकी आहेत. स्क्रीनशॉट ठेवा आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा.
5. पीएनआर दिसणारा बोर्डिंग पासचा फोटो स्टेटसला टाकू नका. पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर अनेक साइटवर तुमचं बुकिंग उघडतं.

आणि भाडं तुमच्या बजेटमध्ये बसत असेल, तारीख पक्की असेल, तर घेऊन टाका. सगळ्यात स्वस्त क्षण कोणता, हे खुद्द विमानकंपनीलाही आधी माहीत नसतं. तिच्याकडेही अंदाजच असतो, फक्त तो आपल्यापेक्षा बराच जास्त डेटा बघून केलेला असतो.