सिमेंटची गोणी आणि एक कारकीर्द

वडाळ्याच्या मिठागरांवर १९३० सालच्या मे-जून महिन्यांत मुंबईकरांनी धाडी घातल्या. १ जूनला तर सुमारे १५,००० माणसे तिथे लोटली होती. मूठभर मिठासाठी लाठ्या खाणारी ती माणसे खुळी नव्हती. गरजेच्या वस्तूवर सत्तेचा हात पडला म्हणजे काय होते, हे त्यांना पुरते उमगले होते. पुढे मिठावरचा कर गेला, स्वराज्यही आले. पण टंचाईच्या वस्तूवर हात ठेवून बसण्याचा मोह काही इंग्रजांबरोबर बोटीत बसून गेला नाही. त्या मोहाची महाराष्ट्रातली सर्वांत गाजलेली कथा सिमेंटची आहे.

९ जून १९८० रोजी बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले मुख्यमंत्री झाले. आंबेतचा हा कोकणी माणूस मोठ्या धडाडीचा. कामाचा उरक असा की फाइलीला टेबलावर धूळ खायला सवड मिळू नये! कुलाबा जिल्ह्याचे रायगड झाले ते त्यांच्याच काळात. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग आणि जालना हे नवे जिल्हे झाले. निराधारांसाठी अनुदानाची योजना निघाली. शिवछत्रपतींची भवानी तलवार विलायतेतून परत आणण्याच्या त्यांच्या घोषणेवरही पुष्कळ शाई खर्ची पडली.

मात्र याच धडाडीने त्यांना वादांतही लोटले. जुलै १९८१ मध्ये, भर पावसाळ्यात, फूटपाथवर राहणाऱ्यांना हुसकून त्यांच्या मूळ गावी धाडण्याचा हुकूम निघाला. प्रकरण न्यायालयात गेले. ‘ओल्गा टेलिस’ या नावाने गाजलेल्या त्या खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्कही येतो. गरिबाला फूटपाथ काही मिळाला नाही; पण एका घाईच्या हुकुमातून देशाला एक मोठे तत्त्व मिळाले.

खरे वादळ उठले ते निराळ्याच दिशेने. साहित्यिक-कलावंतांना साहाय्य करण्यासाठी अंतुल्यांनी १९८० मध्ये ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ स्थापले. हेतू असा की कोणीही मान डोलवावी! पण सरस्वतीच्या या देवळासाठी लक्ष्मी आली कोठून? त्या काळी सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. नियंत्रित भाव आणि काळ्या बाजारातला भाव यांत भलतेच अंतर. घराची दुरुस्ती काढणाऱ्या गृहस्थाला चार गोण्यांच्या परवान्यासाठी खेटे घालावे लागत; मग इमारतीमागून इमारत उठवणाऱ्या बिल्डरला त्या कागदाचे मोल किती असेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

३१ ऑगस्ट १९८१ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांनी हा सारा व्यवहार उजेडात आणला. विधिमंडळ तापले, प्रतिष्ठानाच्या नावातून इंदिराजींचे नाव गेले, आणि पां. बा. सामंत प्रभृतींनी उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. १२ जानेवारी १९८२ रोजी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी निकाल दिला: बिल्डरांना झालेले सिमेंटचे वाटप आणि प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणग्या यांचा परस्परसंबंध होता. निकाल लागला आणि मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला.

फौजदारी खटला मात्र वर्षानुवर्षे रेंगाळला. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उच्च न्यायालयाकडे सोपवला. १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने आपल्याच न्यायालयाचा तो आदेश रद्द केला. आरोपी कितीही मोठा वा अप्रिय असो, कायद्याने ठरवलेल्या वाटेनेच त्याचा न्याय व्हावा, हे त्यामागचे सूत्र. अंतुले पुढे केंद्रात मंत्रीही झाले; २०१४ साली ते निवर्तले.

त्यांना केवळ खलपुरुष ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण तसे केले तर धडा हातचा जाईल. देणगी कशासाठी, हा प्रश्न आपण सारेच विचारतो. देणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याची सोय होती का, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. परवाना ज्याच्या हाती, त्याच्यापुढे धरलेली देणगी ही देणगी उरतच नाही. मग ती पुण्यकार्यासाठी का असेना.

निकालानंतर दोन महिने व्हायच्या आतच, फेब्रुवारी १९८२ अखेर, केंद्राने सिमेंटवरचे नियंत्रण अंशतः उठवले. १९८९ मध्ये ते पुरते गेले. आज नाक्यावरच्या दुकानात पैसे टाकून कोणीही गोणी उचलतो, आणि तिच्यासाठी मंत्रालयाची पायरी चढावी लागत नाही.