मैलांचे मोल

इंग्लंडच्या इतिहासात एका कारकुनाने केवळ पायांच्या बळावर नाव मिळविले, ही गोष्ट आमच्या पेशातील वाचकांस ठाऊक असण्याचा संभव कमी. फॉस्टर पॉवेल हे त्याचे नाव. 1734 साली लीड्सजवळच्या हॉर्सफर्थ गावी तो जन्मला आणि पुढे लंडनास येऊन एका वकिलाच्या कचेरीत कारकुनी करू लागला. 1773 च्या नोव्हेंबरअखेर त्याने लंडनहून यॉर्कला पायी जाऊन परत येण्याची पैज लावली. जाऊन-येऊन अंतर चारशे मैलांचे, मुदत सहा दिवसांची. पॉवेल पाच दिवस अठरा तासांत परतला आणि शंभर गिनी जिंकला. 1792 साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, हाच रस्ता त्याने याहूनही थोड्या वेळात तुडविला. पुढल्याच वर्षी तो वारला, आणि वारला तो दारिद्र्यात. दुसऱ्यांचे हिशेब बिनचूक ठेवणाऱ्याला स्वतःचा हिशेब जमत नाही, असे आम्ही म्हटले तर त्यास आमच्याच बिऱ्हाडातून दुजोरा मिळेल.

त्या काळी लांबवर चालणे आणि पैसा यांचा संबंध हा असा पैजेचा होता. चालणारा चाले तो स्वतःसाठी. बघे पैसे लावीत ते करमणुकीसाठी. परक्याच्या दुःखासाठी शेकडो मैल चालावे आणि लोकांनी त्यापायी पैसे द्यावेत, ही प्रथा रुळावयास पुढे जवळजवळ दोनशे वर्षे लागली. दरम्यान इंग्लंडच्या त्याच उत्तर भागातून एक निराळी पदयात्रा निघाली. तिला दान नको होते, आणि म्हणूनच ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही.

टाइन नदीकाठचे जॅरो हे गाव पामर कंपनीच्या जहाजांच्या गोदीवर जगत असे. मंदीच्या तडाख्यात ती गोदी बंद पडली आणि सारे गावच घरी बसले. 5 ऑक्टोबर 1936 रोजी तेथील दोनशे पुरुष लंडनच्या वाटेला लागले. बरोबर एका ओक लाकडाच्या पेटीत अकरा हजारांवर सह्यांचा अर्ज होता, आणि अधूनमधून पावलाला पाऊल मिळवून चालणाऱ्या, अंगयष्टीने लहानशा, त्यांच्या पार्लमेंट-सदस्या एलन विल्किन्सन होत्या. हॅरोगेट, लीड्स, शेफील्ड, नॉटिंगहॅम असे मुक्काम पडत गेले. लेस्टर गावी सहकारी संस्थेच्या चांभारांनी रात्रभर जागून त्यांचे झिजलेले बूट शिवून दिले आणि मजुरीचा पैसा घेतला नाही. महिनाअखेर, जवळपास तीनशे मैल चालून, मंडळी लंडनास पोहोचली. पंतप्रधान बॉल्डविन यांनी भेट नाकारली. 4 नोव्हेंबरला विल्किन्सनबाईंनी अर्ज सभागृहात सादर केला आणि थोडक्या वेळात सभागृह दुसऱ्या कामाकडे वळले. गाडीने घरी परतल्यावर त्या माणसांना कळले, की चालण्यात गेलेल्या दिवसांपुरता त्यांचा बेकारभत्ता कापण्यात आला आहे. कारण त्या दिवसांत काम मिळाले असते तर ते हजर राहू शकले नसते!

हा शेरा ज्या कोणी लिहिला असेल तो नियमाबाहेर गेला नव्हता. वाचकहो, असे शेरे आम्हीही लिहिले आहेत. अक्षरही वळणदार काढले आहे. जॅरोची हकीकत प्रथम वाचली तेव्हा आम्हांस बॉल्डविनचा राग आला नाही, त्या अनामिक सहकाऱ्याची आठवण मात्र पुष्कळ दिवस पाठ सोडीना.

1960 साली चालण्याचे एक वेडच त्या देशात आले. बार्बरा मूर या रशियात जन्मलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या बाई ऐन हिवाळ्यात स्कॉटलंडच्या उत्तर टोकावरील जॉन ओ ग्रोट्सहून कॉर्नवॉलच्या टोकावरील लँड्स एंडपर्यंत तेवीस दिवसांत चालत गेल्या. लगोलग बिली बटलिन या धनिकाने त्याच मार्गावर शर्यत लावली. सातशेंवर माणसे निघाली, शेवटास दीडशेही पोहोचली नाहीत. त्या दशकातच मैलामागे इतके पेन्स असे वचन घेऊन धर्मकार्यासाठी चालण्याची रीत घरोघर पोहोचली.

या रीतीला साऱ्या देशाचे लक्ष मिळवून दिले ते एका क्रिकेटपटूने. इयान बोथम हे नाव मराठी वाचकांस सांगावयास नको. 1980 च्या फेब्रुवारीत वानखेडे मैदानावर झालेला सुवर्णमहोत्सवी कसोटी सामना ज्यांनी पाहिला, ते खग्रास ग्रहणासाठी ठेवलेली मधली सुट्टी आणि बोथमचा खेळ या दोन्ही गोष्टी एका दमात सांगतात. पाच गडी 58 धावांत गमावलेल्या इंग्लंडकडून त्याने 114 धावा काढल्या आणि दोन्ही डावांत मिळून तेरा बळी घेतले. आमचा जन्म त्यानंतरचा. परंतु आमच्या वडिलांनी हा सामना आम्हांस इतक्या वेळा ऐकविला आहे, की आम्ही तो पाहिलाच नाही असे शपथेवर सांगणे कठीण.

त्याच्या तीन वर्षे आधी, 1977 साली, पायाच्या दुखापतीसाठी बोथम सॉमरसेटमधील टाँटनच्या इस्पितळात गेला होता. वाटेत मुलांचा विभाग लागला. मेजाभोवती काही मुले खेळत बसली होती, दिसावयास धडधाकट. चौकशी करता कळले, की त्यांना रक्ताचा कर्करोग आहे आणि त्यांपैकी काहींचे थोडेच दिवस उरले आहेत. ही गोष्ट त्याने पुढे अनेकदा सांगितली. 1985 च्या ऑक्टोबरअखेर तो जॉन ओ ग्रोट्सहून निघाला. पस्तीस दिवसांत सुमारे नऊशे मैल. कारकुनी सवयीने भागाकार केला तर रोजचे पंचवीस मैल भरतात, आणि तेही डांबरी रस्त्यावर, नोव्हेंबरच्या थंडीत. गोलंदाजाचे पाय वीस-बावीस पावलांच्या धावेसाठी घडलेले. तळव्यांस फोड आले, सांधे धरले, बरोबरचे मागे पडले. खेड्याखेड्यांतून लोक रस्त्याच्या कडेला उभे राहत आणि फिरत्या बादल्यांत नाणी टाकीत. त्याची तिशी याच रस्त्यावर पुरी झाली. लँड्स एंडला तो पोहोचला तेव्हा संशोधनासाठी आठ लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी राहिली होती.

आमच्या मनात येथे एक शंका येते. ज्या देशात 1948 पासून सरकारी आरोग्यसेवा आहे, तेथे मुलांच्या आजारावरील संशोधनासाठी एका खेळाडूने बादली फिरवावी काय? जॅरोच्या मंडळींनी हक्क मागितला आणि हाती आला तो कापलेला भत्ता. बोथमने दान मागितले आणि लाखो आले. देणाऱ्याला दान सोपे जाते, हक्क जड जातो. तरीही टाँटनच्या त्या मुलांना मंजुरीची वाट पाहण्याइतके आयुष्य नव्हते, हे कबूल करणे भाग आहे. त्या दिवसांत या आजारातून वाचणारी मुले थोडी असत. आज तिकडे त्याच्या सर्वांत सामान्य प्रकारात दहांपैकी सुमारे नऊ मुले वाचतात. याचे श्रेय मुख्यतः वैद्यांचे. संशोधनाच्या खर्चात मात्र बादल्यांतील नाण्यांचाही वाटा आहे.

बोथम पुढेही अनेकदा चालला. 1988 साली तर हॅनिबलच्या वाटेने हत्ती घेऊन आल्प्स ओलांडण्याचा खटाटोप त्याने केला. तो आम्हांस थोडा नाटकी वाटतो. 2007 साली त्यास 'सर' ही पदवी मिळाली, तेव्हा सरकारी नोंदीत क्रिकेटच्या जोडीला धर्मादाय कार्याचाही उल्लेख होता.