विदर्भाचा कूलर : पत्रा, पाणी आणि वीज

होळी आटोपली की विदर्भातील घरांच्या माळ्यांवरून, गच्च्यांवरून आणि जिन्याखालच्या अंधाऱ्या जागांतून कूलर बाहेर काढले जाऊ लागतात. नागपूर, अकोला, अमरावती, चंद्रपूर या शहरांत एप्रिल उजाडेपर्यंत बहुतेक खिडक्यांबाहेर लोखंडी स्टँडवर पत्र्याचा चौकोनी खोका चढलेला असतो. ताट्यांचे गवत बदलणे, टाकीला आतून डांबर लावणे, पंप चालतो की नाही हे पाहणे, ही कामे बहुधा घरातच उरकली जातात. ती करताना ताटी, रंग आणि थंडावा यांचा विचार पुष्कळ होतो. विजेचा मात्र फारच थोडा. कूलरचा धक्का लागून माणसे दगावल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात, त्यांचे मूळ या दुर्लक्षात आहे.

कूलरमागील तत्त्व रांजणाचे किंवा माठाचेच आहे. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेते. एक लिटर पाण्याच्या बाष्पीभवनासाठी सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते आणि कूलरमध्ये ती खोलीत येणाऱ्या हवेतून काढून घेतली जाते. दारावर वाळ्याचा पडदा सोडून त्यावर पाणी शिंपडत राहण्याची जुनी रीत याच तत्त्वावर चालत असे. शिंपडणाऱ्या माणसाची जागा छोट्या पंपाने आणि वाऱ्याची जागा पंख्याने घेतली, एवढाच काय तो फरक.

परंतु हवा जितकी कोरडी, तितकेच पाणी झपाट्याने उडते. विदर्भाचा उन्हाळा कडक असला तरी कोरडा असतो. नागपुरात २३ मे २०१३ रोजी तापमान ४७.९ अंश सेल्सिअसवर गेले होते. नवतपाच्या दिवसांत, म्हणजे २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात आल्यानंतरच्या नऊ दिवसांत, पारा ४४-४५ अंशांवर असणे तेथे नवलाचे मानले जात नाही. अशा दुपारी तापमान ४४ अंश आणि हवेतील आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या ताटीतून जाणारी हवा सिद्धांततः २३ अंशांपर्यंत उतरू शकते. प्रत्यक्षात चांगला कूलर या घसरणीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग साधतो आणि खोलीत २८-२९ अंशांची हवा सोडतो. मुंबईत मे महिन्यातील ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेच्या हवेत हाच कूलर फार तर तीन-चार अंशांचा फरक पाडील, तोही घामट दमटपणा वाढवून. त्यामुळे मुंबईकर नातेवाइकाने नागपुरी कूलर हौसेने नेला, तर त्याच्या पदरी निराशाच येते.

याच कारणाने कूलर खिडकीबाहेर ठेवावा लागतो. त्याला बाहेरची कोरडी हवा मिळाली पाहिजे आणि खोलीतील दमट हवेला समोरच्या खिडकीतून किंवा एक्झॉस्ट पंख्यातून बाहेर जाण्यास वाट हवी. दारेखिडक्या घट्ट लावून खोलीच्या मधोमध ठेवलेला कूलर अर्ध्या तासात आपलीच ओली हवा पुनःपुन्हा फिरवू लागतो. एसीची सवय असलेली मंडळी ही चूक हमखास करतात.

पाण्याचा हिशोबही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तासाला दोन हजार घनमीटर हवा पंधरा अंशांनी थंड करायची झाल्यास तेवढ्या वेळात बारा-चौदा लिटर पाणी उडते. टँकरवर अवलंबून असलेल्या वस्तीत हा भार लहान नव्हे. विजेच्या बाबतीत मात्र कूलर काटकसरी आहे. पंखा आणि पंप मिळून साधारण दीडशे ते अडीचशे वॉट घेतात. दीड टनी एसी पूर्ण भारावर दीड हजार वॉटच्या आसपास घेतो.

ताट्यांमध्ये वाळ्याचा सुगंध सर्वांना प्रिय, पण तो महाग पडतो. लाकडाच्या बारीक तारांचे, बोलीत ‘गवत’ म्हटले जाणारे भरण स्वस्त असते. ते एका हंगामात दबून खाली बसते आणि वरच्या मोकळ्या फटीतून गरम हवा तशीच आत शिरते. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या कागदी ताट्या काही हंगाम टिकतात. बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याने मात्र कोणत्याही ताटीवर पांढरी पुटे चढतात, कारण पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करणे हाच त्यावरचा साधा उपाय आहे.

कूलरमध्ये विजेची दोन उपकरणे असतात : पंख्याची मोटार आणि पाण्यात बुडालेला पंप. पंपाच्या वायरीचे आवरण उन्हाने आणि पाण्याने कडक होऊन तडकते. पत्र्याच्या धारदार कडेवर घासून ती वायर सोलली जाते. मोटारीच्या वेटोळ्यांत ओल शिरते. यांपैकी काहीही झाले, की खोक्याच्या संपूर्ण पत्र्यात २३० व्होल्टचा दाब उतरतो. कूलर मात्र पूर्ववत चालूच असतो. पंखा फिरतो, पाणी चढते, थंड हवा येते, आणि बिघाडाची चाहूल कोणालाही लागत नाही. मग कोणीतरी अनवाणी पायांनी, ओल्या फरशीवर उभे राहून, एका हाताने पत्र्याला धरून दुसऱ्या हाताने बादली रिती करू लागते. दुपारी घरात असलेल्या स्त्रिया आणि मुले यांच्याच वाट्याला हे काम अधिक येते.

‘आमच्याकडे एमसीबी आहे’ असे समाधान अनेक घरांत ऐकू येते. ते फसवे आहे. ओल्या शरीराचा रोध सुमारे एक हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्यातून ०.२३ अँपिअर प्रवाह वाहतो. साठ वॉटचा जुना पिवळा दिवा याहून थोडा अधिकच प्रवाह घेतो. सहा किंवा सोळा अँपिअरच्या एमसीबीला त्याची दखल घेण्याचे कारणच नसते. वायर जळू नये यासाठी ती बसविलेली असते, माणसासाठी नव्हे. माणसाच्या बाबतीत दहा मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडून हात सुटेनासा होतो, आणि तीस मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह काही क्षण वाहत राहिला तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका निर्माण होतो.

म्हणून पहिली गरज अर्थिंगची. तीन पिनांच्या प्लगमधील जाड, लांब पिन पत्र्याला जमिनीशी जोडते. पत्र्यात उतरलेला प्रवाह मग त्या तारेतून मोठ्या प्रमाणात वाहतो आणि फ्यूज किंवा एमसीबी उडते. व्यवहारात ही साखळी अनेक ठिकाणी तुटलेली आढळते. कूलरची वायर दोन तारांचीच असते. तीन तारांची असली तरी तिसरी पत्र्याला कसलेली नसते. एक्स्टेन्शन बोर्डाला अर्थिंगच नसते. जुन्या घरांत अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपाला बांधण्याची पद्धत होती. पुढे नळ बदलून तेथे पीव्हीसीचे पाइप आले, तार तेवढी तशीच राहिली. अशा घरातील सॉकेट दिसते तीन पिनांचे, पण तिसरे छिद्र केवळ शोभेचे असते.

दुसरी अडचण ऋतूची आहे. अर्थिंगचा गुण जमिनीतील ओलाव्यावर अवलंबून असतो. उन्हाळ्यात माती सुकली की तिचा रोध वाढतो, म्हणजे कूलर लागतो त्याच महिन्यांत अर्थिंग सर्वांत दुबळे होते. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी ओतत राहण्याची जुन्या वायरमनांची शिकवण याच अनुभवातून आली आहे. बहुमजली इमारतींत हा खड्डा कोठे आहे, हेही रहिवाशांना सहसा ठाऊक नसते.

या दोन्ही उणिवांवर आरसीसीबी हा उपाय आहे. जुन्या बोलण्यात तिला ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह ती सतत ताडून पाहते. दोहोंत तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा प्रवाह भलत्याच वाटेने जमिनीत जाऊ लागला, की ती सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडते. अर्थिंग थोडे कमजोर असले तरीही ती काम करते. घरासाठी तीस मिलिअँपिअरचीच घ्यावी. शंभर किंवा तीनशेची आगीपासून रक्षण करू शकते, माणसाचे नाही. तिच्यावरील ‘टेस्ट’चे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. तरीही एक मर्यादा उरते : एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरणाऱ्याला ती वाचवू शकत नाही, कारण तिच्या लेखी तोही एक दिवाच असतो. शिवाय आरसीसीबी वारंवार पडते म्हणून ती वगळून जोडणी करून घेणारी घरेही आहेत. ती पडत असेल तर कोठेतरी गळती किंवा जोडणीतील चूक आहे, असाच त्याचा अर्थ घ्यावा.

पाणी भरताना नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे लागले असतील, तर बटण न्यूट्रल तोडते आणि पंपापर्यंत फेज पोहोचलेलाच राहतो. प्लग सॉकेटमधून काढून मगच टाकीजवळ जावे. महावितरणही उन्हाळ्याच्या तोंडावर ग्राहकांना वीजपुरवठा बंद करूनच पाणी भरण्याचे आवाहन करत असते. पत्र्याला हात लावल्यावर बारीक मुंग्या आल्या तर त्या दिवशी कूलर लावू नये. कोणी पत्र्याला चिकटलेच, तर त्याला न शिवता आधी मेन स्विच पाडावा. तो हाताशी नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला दूर ढकलावे.

प्लॅस्टिकच्या खोक्याचे कूलर आता सर्वत्र दिसतात. त्यांच्या बाह्यांगात प्रवाह उतरत नाही, हे खरे. परंतु पंपाची वायर सोलली असेल तर टाकीतील पाणी तितकेच घातक असते. पाणी किती उरले हे बोट बुडवून पाहण्याची सवय तेथेही सोडलेली बरी.

मृगाच्या सरी आल्या की कूलरकडे कोणी फिरकत नाही, आणि उरलेल्या पाण्यात डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस डासाची सोय होते. उष्ण हवेत अंड्यापासून डास तयार होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. ही अंडी टाकीच्या भिंतीला पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही काही महिने जिवंत राहू शकतात. म्हणून पाणी ओतून देण्याबरोबर टाकी घासणेही आवश्यक असते. आरोग्य खाते सांगते तो आठवड्याचा ‘कोरडा दिवस’ कूलरलाही लागू आहे.

हंगाम संपताना ताट्या उन्हात वाळवून टाकी कोरडी पुसावी. पंप काढून, क्षार घासून, वेगळ्या पिशवीत ठेवावा. त्याच वेळी त्याची वायर बोटांतून पूर्ण फिरवून पाहावी आणि कोठे चिकटपट्टीचा जोड आढळला तर तेव्हाच बदलून टाकावी. मार्चमध्ये उन्हाची घाई सुरू झाल्यावर तो जोड कोणाच्या लक्षात राहत नाही.