काळ्या पाषाणाच्या देशांतील मीठ

एकादशीच्या फराळाला आपल्याकडील पुष्कळ घरांतून साधें मीठ चालत नाहीं, शेंदेलोण लागतें. संस्कृतांत तें सैंधव, म्हणजे सिंधुदेशचें. बीड-अंबेजोगाईकडे हा खडा इतक्या दुरून कां आणावा लागतो, याचें उत्तर तेथील खडकांत आहे.

प्राचीन समुद्र आटला म्हणजे तळाशीं मिठाचे थर राहतात व त्यांवर गाळ सांचत जातो. दडपलेल्या गाळाहून मीठ हलकें, आणि दाबाखालीं मळलेल्या कणकेसारखें सरकणारें. म्हणून कित्येक ठिकाणीं तें वरचे थर भेदून घुमटाच्या आकारानें वर येतें. इराणी आखातांतील होर्मूझ बेट हा असाच घुमट. या घुमटांच्या माथ्याशीं व कडांना खनिज तेल अडून राहतें. टेक्सासमध्यें स्पिंडलटॉप येथें १९०१ सालीं उसळलेलें तेल अशाच जागचें. खेवऱ्याच्या खाणींतील सैंधव घुमटाचें नव्हे, पण तेंहि आटलेल्या समुद्राचेंच.

बीड जिल्हा मात्र सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं वाहिलेल्या अग्निरसाच्या थरांवर वसलेला आहे. या पाषाणाचा पाटा-वरवंटा उत्तम होतो. मीठ त्यांत नाहीं. लवणासुराच्या कथेचें लोणार सरोवर कोणी दाखवील. पण तें उल्कापातानें झालेलें विवर, आणि त्याचा क्षार मुख्यतः सोड्याचा. कांच व साबण यांसाठीं त्याचा उपयोग ‘ऐन-इ-अकबरी’त नोंदलेला आहे.

तेव्हां मीठ यावयाचें तें कोंकणच्या मिठागरांतून, वंजारी-लमाणांच्या बैलांच्या पाठीवर, घाट चढून. किनारा ज्याचा, जकात त्याची. १६७१ सालीं शिवाजीमहाराजांनीं बारदेशच्या स्वस्त मिठावर भारी जकात बसविण्याची आज्ञा कुडाळच्या सुभेदारास केली, ती आपलीं मिठागरें बुडूं नयेत म्हणून. धोरण रास्तच होतें. इंग्रजांचा कर निराळा. तो मिठागरावरच वसूल होई. त्यामुळें निजामाच्या राज्यांतील बीडकर हा इंग्रज सरकारचा रयत नसूनहि चिमूटभर मिठागणिक त्याची तिजोरी भरीत असे. १९२३ सालीं हा कर मणास सव्वा रुपयावरून अडीच रुपये झाला, तेव्हां त्याला विचारावयास कोणी गेलें नाहीं. १९३० सालीं शिरोड्यास सत्याग्रह झाला, तोहि त्याच्या राज्याबाहेर. १ एप्रिल १९४७ रोजीं कर उठला. बीडवरचा निजामाचा अंमल संपावयास मात्र १९४८ चा सप्टेंबर उजाडावा लागला.