गोंगाटालाच संगीत मानणारा ‘थ्रॉबिंग ग्रिसल’
विशेष प्रतिनिधी

यंत्रांची घरघर, ध्वनिफितींवरचे तुटक संवाद, गिटारच्या तारांवरील ओरखडे आणि या साऱ्यामागे एकसुरी धडधडणारा कृत्रिम ताल. याला संगीत म्हणायचे काय, असा प्रश्न १९७० च्या दशकात ब्रिटनमधील अनेकांना पडला होता. तो पाडणाऱ्या चौघांच्या वाद्यवृंदाचे नाव होते ‘थ्रॉबिंग ग्रिसल’. अवघी सहा वर्षे टिकलेल्या या गटाकडे आज ‘इंडस्ट्रियल’, अर्थात औद्योगिक संगीताचा जनक म्हणून पाहिले जाते. पुढे नावारूपाला आलेल्या इलेक्ट्रो-इंडस्ट्रियल प्रवाहाचे मूळही तेथेच सापडते.

हलमधून लंडनकडे

या गटाची मुळे संगीतात नव्हे, तर प्रयोगकलेत होती. इंग्लंडमधील हल या बंदराच्या शहरात १९६९ मध्ये जेनेसिस पी-ऑरिज यांनी ‘कूम ट्रान्समिशन्स’ हा कलासमूह सुरू केला. कोझी फॅनी टुटी लवकरच त्यात सहभागी झाल्या. काही वर्षांनी समूहाने लंडनला बस्तान हलविले. तेथे पीटर क्रिस्टोफरसन त्यांना येऊन मिळाले. पिंक फ्लॉइडच्या अल्बमांची मुखपृष्ठे करणाऱ्या ‘हिप्नोसिस’ या प्रसिद्ध संस्थेत ते काम करीत. चौथे ख्रिस कार्टर हे इलेक्ट्रॉनिक यंत्रणेतले जाणकार. या चौघांनी ३ सप्टेंबर १९७५ रोजी ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ची स्थापना केली. ब्रिटनने १९३९ मध्ये जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले, तीच ही तारीख! गटाचे नावही हलच्या बोलीभाषेतील एका अश्लील शब्दप्रयोगावरून घेतलेले होते.

संसदेपर्यंत पोहोचलेला वाद

ऑक्टोबर १९७६ मध्ये लंडनच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ कन्टेम्पररी आर्ट्स’मध्ये ‘प्रॉस्टिट्यूशन’ हे प्रदर्शन भरले आणि हा गट एकदम प्रकाशझोतात आला. कोझी यांनी कामोत्तेजक मासिकांसाठी दिलेली छायाचित्रे हाच या प्रदर्शनाचा एक भाग होता. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थेत असा प्रकार घडल्याने वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठविली. प्रकरण संसदेत गेले. हुजूर पक्षाचे खासदार निकोलस फेअरबर्न यांनी तर ही मंडळी संस्कृतीचा विध्वंस करणारी असल्याचा आरोप केला. गंमत म्हणजे हा शिक्काच पुढे गटाची ओळख बनला. सायमन फोर्ड यांनी १९९९ मध्ये लिहिलेल्या गटाच्या इतिहासाला तेच शीर्षक देण्यात आले.

घरगुती कारखाना

बड्या कंपनीच्या दाराशी न जाता या चौघांनी १९७६ मध्ये ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ ही स्वतःची कंपनी काढली. औद्योगिक माणसांसाठी औद्योगिक संगीत, हे तिचे घोषवाक्य अमेरिकी कलावंत माँटी कझाझा यांनी सुचविले होते. पूर्व लंडनमधील हॅकनी भागातल्या मार्टेलो स्ट्रीटवरील एका तळघरात गटाचा स्टुडिओ होता. त्याला ते ‘डेथ फॅक्टरी’ म्हणत.

साधने तुटपुंजी होती. त्यामुळे कार्टर यांनी बरीच उपकरणे स्वतःच तयार केली. ‘प्रॅक्टिकल इलेक्ट्रॉनिक्स’ या मासिकात छापून आलेल्या आराखड्यावरून त्यांनी बनविलेले ‘ग्रिसलायझर’ हे यंत्र विशेष गाजले. गिटारचा वा माणसाचा आवाज त्यातून गेला, की ओळखू येत नसे. क्रिस्टोफरसन हे ध्वनिमुद्रित आवाजांचे तुकडे मैफलीत मिसळत. संगणकाच्या साहाय्याने ‘सॅम्पलिंग’ करणे सर्रास झाले ते यानंतर बऱ्याच वर्षांनी.

‘द सेकंड ॲन्युअल रिपोर्ट’ हा त्यांचा पहिला अल्बम १९७७ मध्ये निघाला. सुरुवातीला त्याच्या केवळ ७८५ प्रती काढण्यात आल्या. त्यानंतर ‘डी.ओ.ए.’ (१९७८) आणि ‘ट्वेंटी जॅझ फंक ग्रेट्स’ (१९७९) हे अल्बम आले. दुसऱ्याच्या मुखपृष्ठावर चौघे हसतमुखाने हिरवळीवर उभे दिसतात. प्रत्यक्षात ती जागा म्हणजे आत्महत्यांसाठी कुप्रसिद्ध असलेला ‘बीची हेड’चा कडा! शीर्षकात जॅझ असले, तरी आत जॅझ नाही. मात्र सिंथेसायझरच्या तालावर चालणाऱ्या त्यातील काही रचना पुढच्या नृत्यसंगीताची चाहूल देतात.

धक्क्याची किंमत

या गटाचे मूल्यमापन केवळ कौतुकाने करता येत नाही. कंपनीचे बोधचिन्ह म्हणून वापरलेले चित्र आउशवित्झच्या छळछावणीतील दाहगृहाचे होते. तेथे वापरलेल्या विषारी वायूचे नाव एका रचनेला देण्यात आले. सुसंस्कृत समाजाच्या पोटात दडलेले क्रौर्य उघडे करणे हा हेतू असल्याचे समर्थक सांगतात. परंतु लाखोंच्या मृत्यूची खूण बोधचिन्ह म्हणून मिरविली, की ती विरोधाची राहते की नुसत्या सनसनाटीची, हा प्रश्न उरतोच. अनुकरण करणाऱ्या अनेकांनी तर हेतू बाजूला ठेवून केवळ धक्काच उचलला. कोझी यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘आर्ट सेक्स म्युझिक’ या आत्मचरित्रात पी-ऑरिज यांच्यावर छळाचे आरोप केले. पी-ऑरिज यांनी ते फेटाळले. तरीही बंधनमुक्तीची भाषा करणाऱ्या गटात स्त्रीच्या वाट्याला काय आले, याची चर्चा त्यामुळे सुरू झाली.

अखेर आणि वारसा

२९ मे १९८१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या केझर पॅव्हेलियनमध्ये गटाची अखेरची मैफल झाली. मोहीम संपल्याचे टपालकार्डांद्वारे कळविण्यात आले. कार्टर व कोझी यांनी ‘ख्रिस अँड कोझी’ या नावाने काम सुरू केले. पी-ऑरिज व क्रिस्टोफरसन यांनी ‘सायकिक टीव्ही’ स्थापन केले. क्रिस्टोफरसन पुढे ‘कॉइल’मध्ये गेले. चौघे २००४ मध्ये पुन्हा एकत्र आले. मात्र २०१० मध्ये दौरा सुरू असतानाच पी-ऑरिज बाहेर पडले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये क्रिस्टोफरसन यांचे निधन झाले. पी-ऑरिज यांचे निधन मार्च २०२० मध्ये झाले.

बेल्जियमचा ‘फ्रंट २४२’ आणि कॅनडाचा ‘स्किनी पपी’ या गटांनी १९८० च्या दशकात याच कर्कशतेला नृत्याच्या ठेक्याची जोड दिली. तीच इलेक्ट्रो-इंडस्ट्रियल शैली. १९८९ मध्ये पहिला अल्बम काढणाऱ्या अमेरिकेच्या ‘नाइन इंच नेल्स’ने औद्योगिक संगीत मोठ्या श्रोतृवर्गापर्यंत नेले. एका तळघरातून, ७८५ प्रतींनिशी सुरू झालेल्या या प्रवासात विक्रीचे आकडे कधीच मोठे नव्हते. हाती असेल त्या साधनांनी, कुणाच्या परवानगीवाचून आवाज निर्माण करता येतो, हे या चौघांनी दाखवून दिले. त्या आवाजाचे पुढे काय करायचे, याची जबाबदारी मात्र प्रत्येक नव्या कलावंताला स्वतःच घ्यावी लागली.