शिक्का खरा, पत्र खोटे

मध्ययुगीन राज्यकारभारावरचे संगणकीय खेळ आज मुले आवडीने खेळतात. ‘क्रुसेडर किंग्ज’सारख्या खेळात कारस्थान यशस्वी होण्याची शक्यता टक्क्यांत दिसते. प्रत्यक्षात कारस्थान कसे शिजत असे, हे पाहायला आपल्याला दख्खनबाहेर जाण्याची गरज नाही.

ख्वाजा महमूद गावान हा मूळचा इराणमधील गिलानचा. व्यापारासाठी तो दाभोळ बंदरात उतरला आणि पुढे बहमनी राज्याचा वजीर झाला. त्याने बीदरला मदरसा उभारला, १४७२ मध्ये गोवा जिंकला. पण त्याची खरी कामगिरी कारभारातली. राज्याच्या चार तरफांचे त्याने आठ तरफ केले. तरफदाराकडे एकच किल्ला ठेवून बाकीच्या किल्ल्यांवरील नेमणुका सुलतानाच्या हाती दिल्या. जमिनीची मोजणी सुरू केली. राज्याचे यात हित होते. सरदारांची मात्र सत्ता आणि मिळकत घटली. दरबारात दखनी आणि आफाकी अशी तेढ होतीच. कटाचे बी इथे पडले.

मलिक हसन निजामुल्मुल्क याच्या गटाने गावानचा शिक्का सांभाळणाऱ्या गुलामाला फितवले आणि कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला. त्यावर ओरिसाच्या राजाला चढाईचे निमंत्रण देणारे पत्र लिहिले. सुलतान मुहंमदशाह नशेत असताना ते त्याच्यापुढे ठेवले. फेरिश्ता सांगतो की, हितचिंतकांनी अडवले तरी गावान दरबारात गेला. शिक्का आपला आहे, पत्र आपले नाही, असे त्याने सांगितले. चौकशी झालीच नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी कोंडपल्ली येथे त्या वृद्ध वजिराचा शिरच्छेद झाला.

कट यशस्वी झाला, मिळाले काय? पुढच्याच वर्षी सुलतान वारला. मलिक हसनचाही पुढे खून झाला. १४९० च्या सुमारास अहमदनगर, विजापूर आणि वऱ्हाड वेगळे झाले. बहमनी सुलतान नावापुरता उरला.

म्हणून कारस्थानाचा खेळ रचणाऱ्याने टक्क्यांच्या आधी तीन गोष्टी मांडाव्यात : कोणाचे हितसंबंध दुखावले, शिक्का कोणाच्या हाती आहे आणि राजा चौकशी करतो की नाही. जिंकणाऱ्याच्या पदरी राज्याचे तुकडेही टाकावेत. देशद्रोहाचा आरोप करायला एक कागद पुरला. तो खोडायला एक प्रश्न पुरला असता : हे अक्षर कोणाचे?